मुजावर सरांची धास्ती

मुजावर सर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : "गळ्यातलं काढून ठेव."

मी तेव्हा नोकरीत नवीन होते. गुरगावच्या पुढे मानेसरला एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथे मोटारसायकली तपासल्या जातात. त्या तपासण्यांचे रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. ज्या यंत्राबद्दल रोज लिहायचं ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी डायनोच्या खोलीकडे गेले, तर दारातच एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस आडवा आला. ओळखपत्रावरचं माझं आडनाव वाचून तो थेट मराठीतच बोलला होता. माझा हात आपोआप गळ्यातल्या साखळीकडे गेला.

"ती पण," ते म्हणाले. "पण आधी ते ओळखपत्र. आणि ओढणी. इथं फिरणाऱ्या वस्तू आहेत, लोंबणारं काही नको."

डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र. जमिनीत बसवलेला एक अवजड लोखंडी रोलर असतो, त्यावर मोटारसायकलचं मागचं चाक ठेवतात. पुढचं चाक पकडीत आवळतात आणि सगळी गाडी जाड पट्ट्यांनी जमिनीला बांधून टाकतात. मग स्वार वर बसतो, गिअर टाकतो आणि अॅक्सिलरेटर पूर्ण पिळतो. गाडी जागची हलत नाही, पण मागचं चाक रोलरला हायवेच्या वेगानं फिरवत असतं. रोलरला किती जोर लागला त्यावरून संगणक इंजिनची हॉर्सपॉवर सांगतो. एका फेरीला मिनिटभरही लागत नाही. तेवढा वेळ आवाज असा असतो की छातीतलं हाड थरथरतं, आणि काचेपलीकडे उभे असलेले सगळे जण पडद्यावर चढत जाणाऱ्या रेषेकडे बघत असतात.

या खोलीचे प्रमुख मुजावर सर. मूळचे मिरजेचे. पत्नी शमीमभाभी केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे ते दोघं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. ऑफिसची कॅब मला घेऊन मग त्यांना घ्यायला जायची. त्या रोजच्या तासा-दीड तासात मी त्यांना ओळखायला लागले.

भित्रा माणूस होता, हे सरळ सांगायला हवं. ऑफिसात त्यांच्यामागे सगळे तसंच म्हणायचे, आणि त्यांना ते माहीत होतं. गाडी बांधून झाली की ते प्रत्येक पट्टा बोटानं छेडायचे आणि कान जवळ नेऊन त्याचा आवाज ऐकायचे. सगळे पट्टे झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग पंखा, मग धूर बाहेर नेणारी नळी, मग आमच्यातलं कुणी पिवळ्या रेषेच्या आत तर नाही ना. शेवटी ते स्वाराकडे जायचे. स्वार बहुतेक वेळा बलजीत असायचा. रोहतककडचा, दणकट, बोलायला फटकळ.

"सोये थे ठीक से?" सर विचारायचे.

"जी."

"नाश्ता?"

"किया, सर. मेरी माँ भी इतना नहीं पूछती."

"वो डायनो नहीं चलाती ना," असं म्हणून सर काचेच्या अलीकडे यायचे, आणि हात लाल बटणाजवळ ठेवून बसायचे. ते बटण दाबलं की इंजिन बंद होऊन रोलरला ब्रेक लागायचा. मी रुजू झाले तोवर ते एकदाही दाबलं गेलं नव्हतं.

माझं मराठी दिल्लीत वाढलेलं. घरात बोलायचं तेवढंच. त्यातही निम्मं हिंदी. काळजीसाठी माझ्याकडे एकच शब्द होता, टेन्शन. सरांना याची गंमत वाटायची आणि वाईटही. कॅब धौला कुआँच्या गर्दीत अडकली की ते मला शब्द द्यायचे. निकालाच्या आदल्या दिवशी असते ती धाकधूक. लेकरू वेळेवर घरी आलं नाही की लागतो तो घोर. धसका एकदाच बसतो, पण उठत नाही.

"आणि तुम्हाला असतं ते?" मी एकदा विचारलं.

"मला धास्ती," ते म्हणाले. "ती क्वार्टरसारखी नाही की बदली झाली, सोडून दिली. ती माझ्या मालकीची आहे."

ऑफिसात त्यांच्याबद्दल एक कथा पसरलेली होती. पूर्वीच्या नोकरीत त्यांच्या डोळ्यांदेखत पट्टा तुटला, गाडी उडाली आणि माणूस गेला. प्रत्येक जण ती थोडी वेगळी सांगायचा. ओळख पुरेशी झाल्यावर मी त्यांनाच विचारलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"काही झालेलं नाही गं. लोकांना वाटतं, भ्यायला काहीतरी घडून गेलेलं पाहिजे. मी आईच्या पोटातनंच असा आलोय."

शमीमभाभींनी याला दुजोरा दिला. ईदला मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात देत त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी हे मांडवाचे खांब हलवून बघत होते. माझ्या वडलांना वाटलं, मुलगा पळून जायचा रस्ता शोधतोय."

"एक खांब ढिला होता," सर आतून म्हणाले.

"होता," भाभी म्हणाल्या. "पण मांडव पडला नाही ना?"

"दोरी बांधून घेतली म्हणून."

त्यावर भाभींनी माझ्याकडे असं बघितलं, की या वादाला आता किती वर्षं झाली असतील ते मला कळलं.

शनिवारी आमच्याकडे खासगी गाड्याही घेत. एका शनिवारी प्रताप नावाचा लातूरकडचा मुलगा आला. करोल बागेत खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करत होता, आणि अभ्यासानं जीव घुसमटला की गाडी घेऊन भटकायचा. तिथल्याच एका दुकानातून त्यानं गाडीला भला मोठा सायलेन्सर बसवून घेतला होता. पॉवर वाढते असं दुकानदारानं सांगितलं होतं. किती वाढली ते त्याला बघायचं होतं; मित्रांशी पैज लागली होती.

सरांनी गाडीचं मागचं टायर बघितलं आणि गाडी खोलीत घ्यायलाच नकार दिला. रबराला बारीक भेगा होत्या. प्रताप हिरमुसला. मराठी माणूस भेटला म्हणून त्याला आधी हायसं वाटलं होतं.

"काका, मी हीच गाडी चालवत आलोय की इथपर्यंत. हायवेवरून."

"तेच ऐकून माझ्या पोटात गोळा आलाय," सर म्हणाले. "आता जाताना हळू जा. आणि पोचल्यावर फोन कर."

तो फोन आला नाही. संध्याकाळी कॅबमध्ये सर पुन्हा पुन्हा त्याचा नंबर लावत होते. रिंग जायची, उचलायचं कुणी नाही. त्यांचं घर आलं तरी ते उतरेनात. मीही नकळत रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली एखादी मोटारसायकल शोधायला लागले. असं त्यांच्यासोबत नेहमी व्हायचं. त्यांची धास्ती दुसऱ्याला सर्दीसारखी लागायची. शेवटी प्रतापनं फोन उचलला. तो झोपला होता.

"काका, मी मोठा आहे," त्याचा वैतागलेला आवाज मला शेजारी बसून ऐकू आला.

"असू दे की. झोप आता," सर म्हणाले आणि उतरले.

पुढच्या शनिवारी तो नवं टायर घालून आला. गाडी डायनोवर चढली, सगळी पूजाअर्चा झाली, आणि आकडा आला तो कंपनीच्या मूळ गाडीपेक्षा कमी. सायलेन्सरनं फक्त आवाज वाढवला होता. प्रताप पडद्याकडे बघतच राहिला. पैज हरल्याचं दुःख होतंच, पण फसवलं गेल्याचं जास्त. सरांनी त्याला बाजूला नेलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण परत येताना मुलगा हसत होता. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "काय सांगणार? म्हटलं, तुझी आई आज शांत झोपेल."

त्यानंतर प्रतापचे 'पोचलो' असे मेसेज सरांना कितीतरी महिने येत राहिले. गाडी काढलेली नसायची त्या दिवशीसुद्धा.

आता एका मे महिन्यातली गोष्ट सांगते.

एका मोठ्या कंपनीची नवीन मोटारसायकल आमच्याकडे आली होती. बाजारात यायची तारीख जवळ आलेली, जाहिराती तयार, आणि जाहिरातीत जी पॉवर सांगितली होती ती डायनोवर भरत नव्हती. फरक थोडाच होता, पण तो थोडा फरकच सगळ्यांना खात होता. कंपनीचे प्रतिनिधी भाटिया म्हणून एक गृहस्थ होते. ते सकाळपासून काचेपाशी उभे होते. आमचे डायरेक्टर मेहरासाहेब सहसा खाली उतरायचे नाहीत, त्या दिवशी तेही येऊन बसले होते. बाहेर लू, उत्तरेतला तो भाजणारा वारा, चालली होती. आतलं एसीचं यंत्र धापा टाकत होतं. गरम हवेत इंजिनचा दम थोडा कमी पडतो. संगणक त्याचा हिशेब धरतो, पण इंजिन तापतं ते तापतंच.

दुपारपर्यंत पुष्कळ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर भाटिया फोनवर कुणाशी तरी बोलायचे आणि परत येऊन म्हणायचे, "एक और कर लेते हैं." प्रत्येक वेळी मुजावर सर आत जाऊन पट्टे छेडायचे, टायरला हाताची उलटी बाजू लावून बघायचे. दुपारी ते बाहेर येऊन म्हणाले, "सर, आज बस. टायर बहुत गरम है. बलजीत भी थका है. कल सुबह ठंडे में करेंगे."

भाटियांनी मेहरासाहेबांकडे बघितलं. मेहरासाहेब म्हणाले, "मुजावर जी, लास्ट वन. उसके बाद छुट्टी."

सरांनी बलजीतकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. पेट्रोलच्या तापलेल्या टाकीला मांड्या आवळून बसायचं असतं. त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. सरांनी गाडी थंड व्हायला वेळ मागून घेतला, तेवढा मिळाला.  मेहरासाहेब पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. सरांनी पट्टे नेहमीपेक्षा जास्त वेळा छेडले. मीही काचेतून ते पट्टे मोजायला लागले, आणि माझा तर तिथे काही संबंधही नव्हता.

मग फेरी सुरू झाली. बलजीतनं गिअर टाकला, आवाज चढत गेला, रेषा चढत गेली. या वेळी ती आधीच्या रेषांच्या वरून जात होती. भाटिया पुढे झुकले. मेहरासाहेब उठून उभे राहिले. "आ रहा है," कुणीतरी म्हणालं.

आणि सरांनी लाल बटण दाबलं.

रोलर कचकन थांबला. बलजीत पुढे फेकला गेला, हँडलवर आपटला. इंजिनचा आवाज एकदम नाहीसा झाल्यामुळे त्याचं ओरडणं फार मोठं ऐकू आलं. सर आधी आत धावले, त्यांच्यामागे आम्ही. बलजीतनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. ते मोडलं होतं.

गाडी संध्याकाळपर्यंत तपासली. टायर, साखळी, पट्टे, रोलर, इंजिन. कुठेही काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीवर दुसरा स्वार बसवून रोहितनं फेरी घेतली. रोहित त्याच खोलीतला दुसरा इंजिनिअर. फेरी सुरळीत पार पडली आणि आकडाही भरला. त्या खोलीत आजवर कुणाला खरचटलं नव्हतं. पहिली इजा झाली ती मुजावर सरांच्या हातून.

मीटिंगला मी टिपणं घ्यायला होते. मेहरासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना वाट काढून दिली. म्हणाले, रोलरच्या सेन्सरनं चुकीचा सिग्नल दिला असेल, असं लिहून टाकू. मशीनचं नाव पुढे करू, विषय संपला. भाटियाही त्याला तयार होते.

 सर म्हणाले, "सेन्सर ठीक था. मैं डर गया था. इसलिए दबाया."

"किस चीज़ से डर गए?"

"एक आवाज़ आई. मुझे लगा, आई."

 इंजिनिअरांच्या मीटिंगमध्ये 'मी घाबरलो' असं कुणी म्हणत नाही. ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे मलाही कळेना. सरांना डायनोवरून काढून वरच्या मजल्यावर बसवलं. उपकरणं तपासून लेबल लावायचं काम.

त्या आठवड्यात कॅबमध्ये त्यांनी मला शब्द शिकवले नाहीत. एकदाच त्यांनी विचारलं, "त्या फेरीचं रेकॉर्डिंग आहे. तू ऐकशील का? तुझा कान तरुण आहे."

मी हेडफोन लावून ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. काहीतरी ऐकू यावं अशी माझी फार इच्छा होती. इंजिन चढत जातं, आणि मग बंद.

"काही आलं ऐकू?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. "मला पण नाही. मी पण ऐकलं." मग म्हणाले, "तेव्हा आलं होतं."

ते रोज ऑफिस सुटल्यावर बलजीतकडे जायचे. तो मानेसरजवळच्याच एका गावात भाड्यानं राहायचा. पहिल्या काही दिवसांत त्याच्या भावानं दारातूनच सांगितलं की तो झोपलाय. सर बाहेरच्या खाटेवर थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे. आमची कॅब तेवढा वेळ थांबायची. मी आत बसून त्यांची पाठ बघायचे. एके दिवशी दार उघडलं आणि ते आत गेले. बाहेर आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला. "चहा दिला," एवढंच म्हणाले. रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटतं, डोळे पुसत होते. पण ती माझी बघायची वेळ नव्हती.

प्लास्टर निघून, व्यायाम करून बलजीत कामावर आला तोवर पावसाळा सरत आला होता. पहिल्या दिवशी रोहितनं गाडी बांधली, सगळं तयार केलं आणि त्याला बोलावलं. बलजीत हेल्मेट काखेत धरून उभाच राहिला. मुजावरजी कुठे आहेत, त्यानं विचारलं. वरच्या मजल्यावर, रोहित म्हणाला. मग मी बसत नाही, बलजीत म्हणाला.

प्रकरण मेहरासाहेबांपर्यंत गेलं. त्यांना वाटलं, बलजीतला भरपाई वाढवून हवी असेल. त्यांनी त्याला समजावलं, ज्या माणसानं तुझा हात मोडला त्यालाच तू परत मागतोस. मी त्याच टेबलाशी कागद घेऊन उभी होते.

"हाथ तो जुड़ गया, साहब," बलजीत म्हणाला. "उस दिन आप सब कहाँ देख रहे थे? स्क्रीन पे. मुझे ऊपर से सब दिखता है. एक ये ही हैं जो मुझे देखते हैं. आवाज़ आई कि नहीं आई, मुझे नहीं पता. पर इनको लगा मैं मर जाऊँगा, तो इन्होंने न कंपनी देखी न आप. मैं तो इन्हीं के सामने बैठूँगा."

मेहरासाहेबांनी थोडे दिवस दुसरे स्वार बोलावून बघितले. काम रखडलं, तेव्हा मुजावर सर खाली परत आले. ऑफिसात काही जण टाळ्या वाजवायच्या बेतात होते. सरांचा चेहरा बघून थांबले.

कारण सर बरे होऊन परतले नव्हते. पूर्वी ते बटणाजवळ हात ठेवून निदान स्थिर बसायचे. आता तो हात बटणावरून मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा.

"आधी एकच भीती होती," ते मला कॅबमध्ये म्हणाले. "दाबायचं राहून जाईल याची. आता दुसरी आलीय, उगाच दाबलं जाईल याची. दोघी दोन बाजूंनी ओढतात."

"मग का जाता तिथे, सर? वरचं काम बरं होतं ना? टेन्शन नव्हतं."

त्यांनी मला नेहमीसारखं टोकलं नाही. "तो बसतो ना माझ्या भरवशावर," ते म्हणाले. "मग मी पण बसतो, दोघींना घेऊन."

असे ते आणखी वर्षभर बसले. बटण पुन्हा दाबावं लागलं नाही. मग भाभींची नागपूरला बदली झाली आणि सरांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी समोसे झाले, मेहरासाहेब दोन चांगले शब्द बोलले. खुर्ची आता रोहितकडे आली होती, आणि बलजीतला सरांनीच समजावून रोहितसमोर बसायला तयार केलं होतं. कसं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी कॅब फाटकापाशी लागली. सर हातात फुलांचा गुच्छ घेऊन माझ्यासोबत चालत आले, दार उघडलं, आणि तेवढ्यात डायनोच्या खोलीतून पंख्याचा आवाज सुरू झाला. रोहितनं दिवसाची शेवटची गाडी लावली होती. सरांनी गुच्छ सीटवर ठेवला आणि मागे वळून चालायला लागले. मला वाटलं, काहीतरी सांगायचं राहिलं असेल. ते आत गेले नाहीत. दाराच्या छोट्या काचेपाशी उभे राहिले, तळहात दारावर सपाट ठेवून. ओळखपत्र त्यांनी दुपारीच परत केलं होतं. आता त्या इमारतीत त्यांचं काही काम नव्हतं. इंजिनचा आवाज चढत गेला, मला फाटकापर्यंत ऐकू येत होता. सरांचे खांदे त्याबरोबर वर चढत गेले. मग आवाज शिगेला पोचला, उतरला, आणि इंजिन बंद झालं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला हात उचलला, मी त्याला थांबवलं. इंजिन बंद झालं तरी तो जड रोलर बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत मुजावर सर दाराला हात लावून तिथेच उभे होते.